अर्धं निळं, अर्धं तपकिरी

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. फुलपाखरांना टाचण्या लावणं हे तिचं कामच होतं, पण नाव पडलं ते जिभेमुळे. ऑनलाइन फुलपाखरं विकत घेणारे हौशी लोक तिला फोटो पाठवून "मॅडम, अस्सल आहे ना?" असं विचारायचे आणि उत्तर आलं की रुसून बसायचे. एकाला तिने कळवलं होतं, "पंख एका जातीचे, धड दुसऱ्या जातीचं, मिशा बहुधा ब्रशच्या केसांच्या. याला फुलपाखरू म्हणत नाहीत, आघाडी सरकार म्हणतात."

फसवणाऱ्यांचा तिला राग यायचा, पण खरी तुच्छता वाटायची ती फसणाऱ्यांबद्दल. गोंद लावणारा निदान मान मोडून काम तरी करतो, ती म्हणायची. घेणाऱ्याला डोळे उघडायचेही कष्ट नकोत. कुणी 'दुर्मिळ' म्हटलं की याच्या तोंडाला पाणी सुटतं, 'अतिदुर्मिळ' म्हटलं की अक्कल गहाण पडते.

या जमातीतला सगळ्यात मोठा नमुना तिच्या नात्यातच होता. तिच्या ताईचा नवरा.

भावोजी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि हाताखाली हुकूम ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा फुलपाखरांकडे वळले. बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी काचेच्या चौकटींनी भरून टाकली. आलेल्या माणसाला आधी भिंत बघावी लागे, मग पाणी मिळे. चौकटी पुसायचं काम ताईचं. मऊ फडकं घेऊन ती रोज सकाळी पुसायची आणि एखादी तसूभर वाकडी झाली की बोलणी खायची. टाचणीबाई त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे. ताईने एकदाच हात जोडून सांगितलं होतं, "तू काही बोलू नकोस गं." ताईसाठी ती गप्प राहिली होती, आणि गप्प राहणं हा तिच्या प्रकृतीला न मानवणारा पदार्थ होता.

एका रविवारी भावोजींनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. भिंतीच्या मधोमध नवी चौकट लागली होती. आत एकच फुलपाखरू. डावे पंख चमकदार निळे, उजवे तपकिरी ठिपक्यांचे.

"अर्धा नर, अर्धी मादी," भावोजी म्हणाले. "लाखात एखादं जन्माला येतं. तुमच्या संग्रहालयात आहे का असं?"

"नाही," ती म्हणाली.

"नसणारच. त्याला पारखी नजर असावी लागते."

टाचणीबाईने ताईकडे पाहिलं. ताई चहाच्या कपांकडे बघत होती. मग टाचणीबाईला राहवेना.

"भावोजी, नोटा तपासायचा तुमचा तो जांभळा दिवा आहे का अजून?"

दिवा होता. आपल्या हातून कधी एक खोटी नोट सुटली नाही हे भावोजी दिव्यासकट सगळ्यांना सांगत. तिने चौकट उघडली, पडदा ओढला आणि दिवा फुलपाखरावर धरला. डाव्या पंखांच्या मुळाशी, धडाला लागून, एक पांढुरकी रेघ लख्ख चमकली.

"हा गोंद. आणि भिंगातून पोटाचं टोक बघा, पूर्ण मादीचं आहे. खरं अर्धनर असतं तर तिथेही दोन भाग दिसले असते. कुणीतरी नराचे पंख उपटून मादीला चिकटवलेत."

भावोजींनी भिंग घेतलंच नाही. चौकट बंद करून ते म्हणाले, "बघतो मी त्या विकणाऱ्याकडे." चहा कुणीच धड प्यायलं नाही.

पुढच्या आठवड्यात संग्रहालयात एका दंतवैद्याचा फोन आला. त्याला ते अर्धं निळं फुलपाखरू घ्यायचं होतं. ऑनलाइन विक्रीच्या पानावर लिहिलं होतं, 'संग्रहालयाच्या कीटकतज्ज्ञांनी स्वतः तपासलेले', आणि खाली तिचं नाव, हुद्दा, सगळं ठळक अक्षरांत.

तिने खुर्ची ओढली आणि एका दमात सांगितलं, "तपासलंय आणि ते नकली आहे. दोन फुलपाखरांचं जोडकाम आहे."

दंतवैद्य घसा खाकरून म्हणाला, "ते असू द्या हो. आमच्या मंडळात कोण एवढं भिंग लावून बघतंय. तुम्ही फक्त अस्सल असल्याचं पत्र द्याल का?"

"तुम्ही लोकांना दातही असेच बसवता का?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती थेट ताईकडे गेली. भावोजी आरामखुर्चीत मोबाइल घेऊन बसले होते. तिने चपला काढता काढताच विचारलं, "माझं नाव कुणाला विचारून लिहिलंत?"

"त्यात खोटं काय आहे?" भावोजी शांतपणे म्हणाले. "तू तपासलंस ना? तपासलं एवढंच लिहिलंय. निकाल काय लागला ते कुठे लिहिलंय?"

टाचणीबाईने आयुष्यात बरेच निर्लज्ज पाहिले होते, पण असा इस्त्री केलेला निर्लज्जपणा तिला नवा होता. बिचारा फसला म्हणून त्या रविवारी तिला थोडी कणव आली होती. ती तिथल्या तिथे विरून गेली. फसलेला माणूस आता स्वतःच दुकान मांडून बसला होता.

"ते पान काढा. नाहीतर खाली मी निकाल लिहिते, तोही माझ्या हुद्द्यासकट."

"घरातली माणसं अशी वागतात? मला शेंडी लावली तर मीच का नुकसान सोसायचं? दुसऱ्या कुणाला..."

"अहो," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "काढा ते."

ती मोठ्याने बोलली नाही. पण लग्न झाल्यापासून तिने त्यांना हुकूम सोडल्याचं त्या घराने ऐकलं नव्हतं. भावोजींनी चष्मा लावला, दोनदा चुकीच्या जागी बोट ठेवलं आणि पान काढलं.

ताई तेवढ्यावर थांबली नाही. खुर्ची भिंतीशी लावून तिने एकेक चौकट खाली उतरवली आणि बहिणीसमोर मांडली. "आता सगळी बघ. मी काय पुसत होते ते मला कळू दे."

भावोजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. टाचणीबाईने भिंग काढलं. एकाच्या पंखांना शाई फासलेली होती. स्पिरिटचा बोळा लावताच लाल रंग कापसावर उतरला. खरा चमकता निळा पंख स्पिरिटने क्षणभर हिरवा होतो आणि वाळला की पुन्हा निळा होतो, हे तिने ताईला करून दाखवलं. एकाचे डावे-उजवे पंख उलटसुलट बसवले होते. एक तर छापील कागदाचं निघालं. ते पाहून ताईला हसू फुटलं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "कागद पुसत होते गं मी. मऊ फडक्याने."

अस्सल निघाली ती साधी, बागेत दिसणारी, भावोजींनी सोबत फुकट आली म्हणून कोपऱ्यात टांगलेली. ती तेवढी ताईने ठेवून घेतली. बाकीच्या चौकटी टाचणीबाईने रिक्षात घालून संग्रहालयात नेल्या.

भिंतीला रंग लागला. पाहुणे विचारायचे, संग्रह कुठे गेला? भावोजी मान ताठ करून सांगायचे, "संग्रहालयाला देऊन टाकला. अशा गोष्टी समाजाच्या असतात." लोक माना डोलवायचे. टाचणीबाई समोर असली तर खिडकीबाहेर बघायची. या माणसावर शब्द खर्च करणंही तिला आता उधळपट्टी वाटायची.

नवीन विद्यार्थी आले की ती त्या चौकटींचा कप्पा उघडते आणि खोटं कसं ओळखायचं ते शिकवते. भावोजींनी ताईकरवी निरोप धाडला होता, की कप्प्यावर देणगीदाराचं नाव असलंच पाहिजे. टाचणीबाईने अजिबात वाद घातला नाही. 'नकली नमुने' या पाटीच्या बरोबर खाली तिने त्यांचं पूर्ण नाव हुद्द्यासकट लावून घेतलं. पाटी पितळेची आहे आणि तिला रोज कुणीतरी पॉलिश करतं.