कडीतून पडलेली सीताफळं

दुष्काळात आमच्या नेकनूरच्या सीताफळ सोसायटीत माल कमी यायचा, पण बसणारे वाढायचे. रानात काम न्हाई, मग माणूस किस्सेच पिकवणार. त्यातले हे सांगण्यासारखे. बाकीच्यांत माझी बायको येते.

*

सोसायटीचा नियम एकच. मापाच्या लोखंडी कडीतून जे फळ खाली पडेल, ते परत. चेअरमन रावसाहेबांचा मळा खाली सपाटीला, विहिरीला पाणी टिकलेलं. त्यांचं फळ कडीवर मुकुटासारखं बसायचं. किसनची झाडं लिंबागणेशच्या बाजूला, डोंगरमाथ्यावर. त्याचं एकूणएक फळ खाली.

"किसन्या, हे सीताफळ हाय का सुपारी?" चेअरमन म्हणाले.

किसन हसला नाही. फळ खपलं नाही तर दसऱ्यानंतर नवराबायकोला ऊसतोडीला जावं लागणार होतं.

*

मग शेतकी साहेब आले. म्हणाले, "जसजसं उंच जावं, तसतसं पान लहान अन् जाड होतं. फळ बारकं, पण गोडी जास्त."

दुसऱ्याच दिवशी दिंद्रुडचे दगडूबप्पा एक क्रेट वेगळं घेऊन हजर. "ही उंचावरची हायेत."

"बप्पा, तुमचं रान तर सपाट," मी म्हणालो.

"शिडी लावलती बे. शेंड्याचीच तोडलीत."

*

ते बघून मलाही लहर आली. चेअरमनना म्हणालो, "रावसाहेब, डोंगराची हवाच गोड. तुमचा माल एक रात वर ठिवा, लई फरक पडतो." तोंड मी मयताला गेल्यासारखं ठेवलं होतं.

चेअरमननी जीपमधनं क्रेटं वर किसनच्या कोपीवर, म्हणजे त्याच्या झोपडीत, नेली. राखणही किसनलाच करायला लावली. स्वतःचा माल परत आलेला, अन् दुसऱ्याचा उशाशी.

*

सकाळी पुण्याचा व्यापारी आला. माल वर, म्हणून चेअरमन त्याला घेऊन डोंगरावर. मीही जीपला लोंबकळलो.

व्यापाऱ्यानं चेअरमनचं मोठं फळ फोडलं, दोन घास खाल्ले, बाजूला ठेवलं. पाहुणा दारात आला म्हणून किसनच्या बायकोनं, गयाबाईनं, घरची बारकी फळं ताटलीत दिली. त्यानं एक खाल्लं. मग दुसरं. मग बोलायचाच थांबला, नुसत्या बिया थुंकत राहिला.

"ही कुणाची?"

"ती... रिजेक्ट हायेत," चेअरमन म्हणाले.

"मग रिजेक्टच द्या. सगळी."

गयाबाई आतूनच म्हणाली, "अवो, ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाका, औंदा आमी येत न्हाई."

चेअरमननी घसा खाकरला. "किसनराव, ही शेजारची बरड जमीन कुणी विकतंय का?"

"इचारून बघतो," किसन म्हणाला. "तवर तुमची क्रेटं ऱ्हाऊ द्या की अजून एक रात. एवढ्यात कुठं गोडी धरती?"