राक्षसाच्या कानात सांगितलेलं

वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावात पुंडलिकाइतका मार कोणी खाल्ला नसेल. एरवी मिठागरात राबणारा साधा गडी; पण शिमग्याला लाकडी मुखवटा चढवला की तो राक्षस. तो दारोदार पळायचा आणि माणसं त्याला काठीने बडवायची. आपला राग कोणावर आहे ते आधी राक्षसाच्या कानात सांगायचं, मग फटका हाणायचा. ऐकलेलं राक्षसाने कोणापाशी काढायचं नाही. संध्याकाळी खाडीत बुडी मारली की विषय संपला. पुंडलिकाची पाठ दरसाल फुटायची, एकदा बरगडीही मोडली, पण गावात कोणी कोणावर हात टाकला नाही. याचा त्याला भारी अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

मग विद्यापीठातून लोकनाट्यावर संशोधन करणाऱ्या बाई आल्या. टेपरेकॉर्डर पुढे ठेवून त्यांनी मायेने विचारलं, "दुखत नाही का हो?" हे उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं, बायकोने, चंद्रावतीनेसुद्धा नाही. गडी विरघळला आणि नको ते बोलून बसला.

"बरगडी जनूनं मोडली. पन राग माज्यावर नाय, नाथावर. नाथानं बांध फोडून त्याच्या भातात खारं पानी सोडलं ना!"

बाईंनी ते नावानिशी छापलं. त्या लेखावरून दुसऱ्याने लेख लिहिला, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. गावात एकही फिरकला नाही, नावं मात्र सगळ्यांनी उतरवून घेतली. विद्वान झाले म्हणून काय झालं, एवढी अक्कल नको?

बाईंनी पाठवलेल्या अंकात आपला फोटो बघून पुंडलिक हरखला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने बाबाजी मास्तरांना देवळापुढे, सगळ्या गावासमोर लेख वाचायला लावला. मास्तर खणखणीत वाचत होते. जनूचं नाव आलं तसा पुंडलिक "बास, मास्तर, बास!" करत उठला, पण तोवर बांधाचंही वाचून झालं होतं.

नाथा शेतावरून परस्पर आला होता, कोयता हातातच होता. "माजी अब्रू काढतोस?" म्हणत तो जनूवर धावला. जनूने हात आडवा धरला. त्याची बोटं देवळाच्या पायरीवर पडली. जनूच्या भावाने दगड उचलून नाथाच्या तोंडात घातला, दात फुटून रक्ताची चूळ बाहेर आली. पुंडलिक मधे पडून ओरडत होता, "मला मारा रं! मला!" कोणी त्याला बोटही लावलं नाही. त्याला वळसा घालून ते एकमेकांना चेचत राहिले.

पुढच्या शिमग्याला त्याने मुखवटा चढवला. एकाही दारातून काठी बाहेर आली नाही. शेवटी तो जनूच्या अंगणात जाऊन पाठ वाकवून उभा राहिला.

"जनू, कानात सांग आनि मार रं."

जनूने थोटा हात पोटाशी धरला होता. "कानात काय सांगू? समद्या मुलखाला ठावं हाय," तो म्हणाला. "आनि तुला मारून माजा राग आता जायचा नाय, पुंडलिक. नाथा तुरुंगातून कवा सुटतोय, तेवढं सांग."