चार पावलं मागं

सुनेनं जबरदस्तीनं सहलीत नाव घातलं. म्हणाली, "मामंजी, घरातल्या भिंतींशी बोलता, त्यापेक्षा जुन्या भिंती तरी बघून या." तटबंदीचं जुनं गाव आणि त्यात चित्रांचं संग्रहालय. मिटलेली छत्री उंच धरून गाईड पोरगी पुढं, आम्ही पंधरा म्हातारे मागं.

वेशीतून आत गेलं की बोळच बोळ. दगडांवर ऊन सांडलेलं, झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. दर वळणाला मी मागं वळून बघायचो, ही येतेय ना एवढंच. चाळीस वर्षांची सवय. मी पुढं आणि आमची ही चार पावलं मागं, आमच्यात रीतच तशी. ही जाऊन आठ महिने झाले, पण मानेला अजून कळलेलं नाही.

संग्रहालयात एका चित्रापाशी थांबलो. त्याच वेशीतून एक जोडपं चाललंय. गडी पुढं, बाई मागं, दोघं पाठमोरी. बाईचा एक पाय जरा फेंगडा पडतोय. चितारी मागं उभा राहिला म्हणून त्याला ते दिसलं. ही कशी चालायची, मला आठवेना. जोडव्यांचा आवाज तेवढा आठवतो. मी मुडद्यानं तिची चाल कधी बघितलीच नाही.

बाहेर आल्यावर गाईड म्हणाली, "बाबा, मागं राहताय, पुढं या."

"पुढं लई चाललो, पोरी. तू हो पुढं, मी येतो मागनं."

सगळे बोळात शिरले. मधे एका माणसाची जागा मोकळी ठेवून मी चालू लागलो, पुढं बघत.