मागचा नांगर

बंद गिरणीच्या भिंतीपलीकडून आजकाल जळक्या लोखंडाचा वास येतो. आत गॅसकटर चालतात. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जातात. इथे म्हणे काचेचा थंडगार बाजार होणार. मला त्या वासाबरोबर समुद्र आठवतो, आणि तो तर मी कधी पाहिलेलाही नाही. इंदुरात जन्मलेल्या मला तो काकांकडून मिळाला.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. महूच्या आमच्या फौजी घराण्यातला नौदलात गेलेला हा एकच माणूस. तिथून सुटल्यावर गिरणीत यंत्रमागांच्या खात्यात फिटर म्हणून लागले. नौदलातलं त्यांचं जहाज रणगाडे उतरवणारं. बेढब, बुडाला सपाट, भर समुद्रात परातीसारखं डुलणारं. बाकीची जहाजं उथळ पाण्याला भितात. हे जाणूनबुजून वाळूवर चढायचं, तोंड उघडायचं आणि पोटातले रणगाडे जमिनीवर सोडायचं. मात्र किनारा लांब असतानाच खलाशी मागून एक नांगर टाकून ठेवायचे. काम झालं की त्याची तार गुंडाळत जहाज स्वतःला पाण्यात ओढून घेई. "वाळूवर तर कोणीही चढेल," काका म्हणायचे, "मागचा नांगर विसरलात, तर समझो तिथेच गंजायचं."

गिरणीला टाळं लागलं आणि काही महिन्यांनी मशिनी न्यायला ट्रक आले. कामगार फाटकात आडवे बसले. देशाची दारं उघडल्याची भाषणं तेव्हा रोज चालत; आमचं दार तेवढं बंद होतं. पुढारी समजावत होते, "नव्या मशिनी येऊन राहिल्यात, भिया. जुन्या हटतील तभी तो जागा होईल."

काका उठून म्हणाले, "मशिनी आत आहेत तोवर गिरणी चालू होऊ शकते. हाच आपला मागचा नांगर. तार सोडू नका."

"काका, खान नदीत बकरी बुडत नाही, तुम्ही जहाज कुठून आणलं?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, काकाही हसले. मग एकेक जण उठत गेला. त्यांना मी दोष देत नाही. घरी चुली थंड होत्या. दोष त्यांचा, जे तुकोगंजच्या बंगल्यांत पंख्याखाली बसून जाणत होते की नवं काहीच येणार नाही. काका एकटे बसून राहिले. दोन शिपायांनी त्यांना काखेत धरून उचललं. "चलो बाबूजी," एक जण हळूच म्हणाला. मशिनी भरलेले ट्रक शहराबाहेर, बेटम्याच्या रस्त्याला लागले. नव्या मशिनींची वाट पाहणंही पुढे लोकांनी सोडून दिलं.

काल त्या भिंतीशी नव्या बाजाराविरुद्धची पत्रकं वाटून घरी आलो. काकांनी माझ्या सदऱ्याचा वास घेतला.

"आता काय, खांब कापतायत?"

"हो."

"मग आता भरती आली तरी काय. तरंगायला जहाज कुठे उरलंय?"

शहरात पैशाची भरती आलीच आहे, असं पेपरात रोज छापून येतं. असेलही; सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री पाय ठेवायला जागा नसते. वाळूवर सोडलेल्या माणसांपर्यंत तिचा नुसता आवाज पोचतो.