न डुगडुगणारे बाक

तिसरी ‘ब’च्या वर्गात प्रत्येक बाकाच्या पायाखाली कागदाची घडी होती. वहीची पानं, जुन्या प्रश्नपत्रिका, एके ठिकाणी तर कुणाचं तरी प्रगतिपुस्तक. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या असे ते बाक. स्क्रू ढिले, नट असले तर असले. एकानं खोडरबर घासलं की शेजारच्याचं अक्षर वाकडं. सुतार येणार, येणार म्हणून दोन वर्षं झाली होती, पण तो काही उगवला नव्हता.

या वर्गाच्या बाई पन्नाशीच्या, उंचीला कमी, आवाजाला भरपूर. चष्म्याची काडी सारखी निखळायची म्हणून पर्समध्ये बारीक स्क्रू ड्रायव्हर बाळगायच्या. तेवढ्यावरून शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव ‘मिस्त्रीबाई’ पडलं होतं. नवऱ्याची फिरतीची नोकरी, मुलगा परगावी. त्यामुळे घरातला गळका नळ, खिडकीची कडी, इस्त्रीची वायर सगळं त्यांच्याच गळ्यात. त्याची त्यांना हौस होती असं नाही. वाट बघण्याचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा होता.

वाट त्या एकाच गोष्टीची बघत आल्या होत्या. आठवड्यातून एक तास मुलांना हातानं काही करायला मिळावं, ही त्यांची मुख्याध्यापिकांकडे जुनी मागणी. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. यंदा वरून ‘कृतीतून शिक्षण सप्ताह’ साजरा करण्याचा आदेश आला, तेव्हा मोठ्या बाईंनी सरळ सौदाच केला. शनिवारी पालक आणि संस्थेचे अध्यक्ष बघायला येतील. त्यांच्यापुढे वर्ग उठून दिसला, तर वर्षभर तो तास तुमचा. नाही तर तो गणिताच्या सरावाला जाईल.

शेजारच्या तिसरी ‘अ’नं ज्वालामुखी करायला घेतला. म्हणजे तो मुलांच्या आयांनी घरी करायला घेतला. मिस्त्रीबाईंनी धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान गाठलं. भावानं पिशवीभर स्क्रू ड्रायव्हर, पाने आणि नट-बोल्ट काढून दिले आणि म्हणाला, “ताई, शाळेला सुतार परवडत नाही म्हणून पोरं कामाला लावलीस का?” ते अगदीच खोटं नव्हतं.

सोमवारी वर्गातले सगळे बाक उलटे झाले. मुलं जमिनीवर पालथी पडून स्क्रू फिरवू लागली आणि कुठल्या बाजूला फिरवलं की घट्ट होतं यावर कडाक्याचं भांडण झालं. ते बाईंनी मिटवलं नाही. फिरवून बघा म्हणाल्या. मंगळवारी मोठ्या बाई येऊन आवाजाबद्दल बोलून गेल्या. बुधवारी एका मुलीच्या तळहाताला फोड आला आणि तिची आजी फाटकाशी उभी राहून, आमच्या पोरीला गॅरेजात लावायचं नाही, असं सुनावून गेली. गुरुवारी नट संपले आणि बाई स्वतःच्या पैशांनी आणखी घेऊन आल्या. रोज घरी जाताना वाटे, बस झालं, आपणही थर्माकोल आणावा आणि मोकळं व्हावं.

पण शुक्रवारी शेवटचा बाक सरळ झाला. मुलांनी पायाखालच्या सगळ्या घड्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि जागेवर बसून मुद्दाम हलून पाहिलं. एकही बाक हलला नाही.

तेवढ्यात मोठ्या बाई डोकावल्या. भिंती बघितल्या, टेबल बघितलं, कोपरे बघितले.

“उद्या यात दिसणार काय, बाई?”

“बाक हलत नाहीत.”

“न हलणारा बाक कुणाला दिसतो? बाक हलत नसतातच.”

मोठ्या बाई गेल्यावर मिस्त्रीबाई मुलांवरच जरा करवादल्या. उद्या पाहुण्यांना नुसतं बसून दाखवू नका, म्हणाल्या. आधी कसं होतं आणि आता कसं आहे, दोन्ही नीट दाखवा.

शनिवारी सकाळी स्वागताच्या रांगेत उभं राहायला सगळ्या शिक्षकांना सभागृहात बोलावलं. बाई परतल्या त्या थेट पाहुण्यांच्या मागोमाग. वर्गात मुलं भिंतीला टेकून रांगेत उभी, हातात स्क्रू ड्रायव्हर, चेहऱ्यावर मोठा बेत असल्याची कळा. काय केलंत, हे विचारायला बाई पुढे झाल्या. पण अध्यक्ष चालून दमले होते. भारदस्त माणूस. काही सांगायच्या आत ते पहिल्या बाकावर बसले. फळी एका बाजूनं उचलली गेली, सांगाडा तिरका झाला आणि अध्यक्ष फरशीवर आले.

त्यांना लागलं नाही. मागच्या रांगेत एक पालक हसला, ते मात्र लागलं.

वर्गात एका मुलीला ‘वकीलसाहेब’ म्हणत, कारण ती कुठलीही गोष्ट सोडत नसे. ती पुढे आली. “बाई, तुम्हीच म्हणालात आधी कसं होतं ते दाखवा. म्हणून आम्ही सगळे ढिले केले. आता आवळून दाखवणार होतो. ते आधीच बसले.”

आवळून दाखवायची वेळ आलीच नाही. मोठ्या बाईंनी पाहुण्यांना ज्वालामुखीकडे नेलं आणि जाता जाता शिपायाकरवी सगळी हत्यारं जमा करून ऑफिसच्या कपाटात टाकली.

सोमवारी बाई ऑफिसात गेल्या. तास नको, म्हणाल्या, निदान अर्धा तास स्क्रू ड्रायव्हर द्या, सगळे बाक ढिले आहेत. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आता ते नकोच. सुतार सांगितलाय.” भावाची हत्यारं परत द्यायची आहेत, असंही बाईंनी सांगून पाहिलं. त्यावर, सुट्टीत घेऊन जा, असं उत्तर मिळालं.

वर्गात त्यांनी गणिताच्या सरावाचे छापील कागद वाटले आणि फळ्याकडे वळल्या. पाठीमागे खडखड चालली होती. नव्वद वजा सत्तेचाळीस, खडखड. त्यांनी खडू जरा जास्तच दाबला आणि तो मोडला. मग खडखड हळूहळू कमी झाली आणि शेवटी थांबली. त्यांना वाटलं, मुलं गणितात रमली.

तास संपल्यावर कागद गोळा करायला निघाल्या, तर पहिल्या बाकावर कागदच नाही. दुसऱ्यावरही नाही. वकीलसाहेबांनी नजर खाली वळवली, तशी बाईंनी वाकून पाहिलं. कागद चौपदरी घड्या होऊन प्रत्येक बाकाच्या पायाखाली बसले होते. घड्या नेटक्या होत्या, कडा जुळलेल्या.

बाईंनी बाक हलवून पाहिला. हलला नाही.

“उत्तरं?” त्यांनी विचारलं.

“लिहिलीत की,” वकीलसाहेब म्हणाली, “आतल्या बाजूला.”