मोर्चापुरती याडी

जिवनबाईचा लेक प्रेमसिंग हिंगोलीत ठेकेदार झाला, बंगला बांधला आणि त्याला तांड्याचा वास सहन होईना. "आमी आता सुधारलो," असं तो कॉलनीत सांगायचा. म्हातारी फेटिया, म्हणजे बंजारा बायकांचा आरसे जडवलेला घागरा, घालून आली की हे सुधारणं उघडं पडायचं. मग सुनेनं तिला लुगडं नेसायला लावलं. शेजारी विचारायचे, तेव्हा 'गावाकडच्या मावशी' म्हणून वेळ मारून नेली जायची. पोटच्या पोरानं मावशी केलं तरी ती यायची. राजनंदिनी, तिची नात, तिला सुटत नव्हती.

यंदा वारं फिरलं. तांड्यांना आदिवासींच्या सवलती हव्यात म्हणून मोर्चा ठरला. आपण वेगळे आहोत हे दाखवायचं, तर वेगळं दिसणारं माणूस नको का? प्रेमसिंगनं लगेच फोन लावला. "याडी, फेटिया घालून ये गं."

याडी म्हणजे आई. वीस वर्षांनी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि म्हातारी विरघळलीच. अंगाला पेलत नव्हता तरी तो जड घागरा घालून गेली. माईकवर लेक ओरडला, "ही माझी याडी!" तिचे डोळे भरून आले.

सभा संपली. गाडीत बसताच त्यानं लुगड्याची पिशवी पुढे केली. "आई, हे नेस. उद्या राजनंदिनीचा साखरपुडा हाय. पाव्हणे मोठे हायत."

"मघा याडी होते ना रे?"

"मोर्चा म्हंजे राजकारण, आई. साखरपुडा घरचं काम."

"पाव्हण्यायले काय सांगशील, कोण मी?"

प्रेमसिंग मोबाईल चाळत राहिला.

"आजी म्हणून बोलवशील तर येईन, न् अशीच येईन," ती म्हणाली, आणि उतरून तांड्याकडे जाणाऱ्या सेनगावच्या जीपमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी लेक गाडी पाठवील म्हणून पहाटेच फेटिया घालून, नटून ती तांड्याच्या रस्त्यावर उभी राहिली. उठायची, बसायची, गाडीचा आवाज आला की पुन्हा उठायची. दुपार कलली तरी कुणी आलं नाही. घरी जाऊन ती ढसाढसा रडली.

आठव्या दिवशी फोन आला. "याडी, सोमवारी पुन्हा मोर्चा हाय. तोच पोशाख घाल."

"पोशाख भाड्यानं मिळतो बाबा," जिवनबाई म्हणाली. "याडी मिळती का बघ."