भुईमायचा आवाज

कौसल्याआत्या रागावली की दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली अख्खी गल्ली शहाण्यासारखी वागायची. माझी सख्खी आत्या, मूळची नागपूरची. केंद्र सरकारच्या ऑफिसात जन्म काढून रिटायर झाली आणि आता नोएडाला सुगतदादाकडे, तिच्या मुलाकडे राहते. तेव्हा मला ड्रॅगनचा आवाज हवा होता, तर दुसरं कुणाचं नाव सुचणार?

झालं असं, की मी नोएडातल्या एका डबिंग स्टुडिओत मराठी संवाद लिहिते. एका व्हिडिओ गेमवरून केलेली कार्टून मालिका आमच्याकडे मराठीत करायला आली. जादू, तलवारी, उडणारे डोंगर, सगळा मसाला आहे त्यात. आणि गुहेत राहणारी एक म्हातारी ड्रॅगनीण, भुईमाय. ती नायिकेला लढायला शिकवते. आत्याला विचारलं तर बाई चक्क लाजली. मग हळूच म्हणाली, उल्का हाच गेम खेळते ना?

उल्का तिची नात, आठ वर्षांची. आई लखनौची, शाळा, शेजार, मैत्रिणी सगळं हिंदी. आत्या मराठीत काही बोलली की पोरगी 'क्या, दादी?' म्हणायची. शेवटी आत्यानेच नाद सोडला आणि नातीशी हिंदी बोलायला लागली. हे तिला किती लागलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं.

"एकदा तरी तिने माझं मराठी शेवटपर्यंत ऐकावं गं," ती म्हणाली.

ऑडिशनला ती करोल बागेतून घेतलेली ठेवणीतली साडी नेसून आली. माइकसमोर उभी राहिली, आणि काय सांगू तुम्हाला! साहेबांना फाइल वाचून दाखवावी तसं वाचायला लागली. मधेच एकदा 'जी, सर' पण म्हणाली. दिल्लीत आम्हा मराठी माणसांचं हे असंच. उंबरठा ओलांडला की मराठी घरीच ठेवून निघतो. परक्यांसमोर मराठीत डाफरायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. दिग्दर्शक नीरज सज्जन माणूस, पण त्याने मला बाजूला घेऊन सांगितलंच, की अजून एकदा बघू, नाहीतर मुंबईहून कुणी नटी बोलावू.

आत्याने काचेतून आमचे चेहरे पाहिले. तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. घरी वाघीण आणि इथे शेळी!

ऑडिशनसाठी निवडलेला शेवटचा प्रसंग पहिल्याच भागातला होता, तो असा, की नायिका एकटीच लढायला निघते आणि भुईमाय तिला गुहेच्या तोंडाशी अडवते. मी नीरजला रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगितलं आणि सरळ आत जाऊन आत्याशेजारी उभी राहिले. पडद्यावर नायिका पाठ फिरवून निघाली.

"आत्या, मी निघते," मी म्हटलं. "सकाळपासून पोटात काही नाही, पण असू दे."

"बस खाली," आत्या कडाडली. "काहून एवढी घाई करते? उपाशीपोटी कुणाला हरवशील तू? आधी खा, मग जा कुठं मरायचं तिथं."

मी लिहिलेल्या संवादात जेवणाचं नावही नव्हतं. नीरज पोट धरून हसला. मग त्याने ड्रॅगनिणीच्या तोंडाशी वाक्यं जुळवून पाहिली आणि म्हणाला, हेच ठेवू. त्यानंतर आत्या थांबते कसली! सगळे भाग तिने एकहाती गाजवले.

पहिला भाग लागला तेव्हा मी मुद्दाम सुगतदादाकडे गेले. उल्काला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती ताट मांडीवर घेऊन बघत बसली होती. भुईमायने नायिकेला गुहेच्या तोंडाशी अडवलं, खडसावलं, खाली बसवलं. पोरीने कशाचाही अर्थ विचारला नाही. तिचा घास मात्र हातातच राहिला. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"दादी, ये तो आप हो," ती म्हणाली.

आत्याने नुसती मान हलवली.

"तो मुझसे ऐसे क्यों नहीं बोलतीं?"

आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, लपवायचं काय त्यात. मग तिने पदराने डोळे पुसले आणि नातीला तिथल्या तिथे मराठीत झापलं, की आधी तो टीव्ही बंद कर आणि नीट बसून जेव. पोरीने टीव्ही काही बंद केला नाही, पण ताट मात्र चाटूनपुसून साफ केलं.